स्पूलच्या काठावरचे आकडे

गळाच्या रिळाचं स्पूल हातात घेतलं की आधी डोळ्यांत भरतो तो ठसठशीत आकडा: 3000. तीन हजार काय? मिलिमीटर नाही, ग्रॅम नाही, मीटरही नाही. चपलेच्या नंबरासारखा तो नुसता क्रम. 2500 पेक्षा थोरला, 4000 पेक्षा धाकटा. कुठल्या मानक संस्थेने तो ठरवून दिलेला नाही. शिमानो आणि दायवा या दोन जपानी कंपन्यांचे आकडे वर्षानुवर्षं जुळत नव्हते. मग 2018 मध्ये दायवाने ‘एलटी’ मालिका काढली आणि आपले आकडे सरकवले. जुन्या तीन हजारीच्या जागी चार हजारी आला, तो शिमानोच्या चार हजारीशेजारी शोभेल असा. लोखंड मात्र हटूनच बसलं आहे. एकीचं स्पूल दुसरीच्या रिळावर सहसा बसत नाही. जुळली ती गिऱ्हाइकाची बोली.

आकड्यामागची अक्षरंही दुर्लक्षू नयेत. शिमानोच्या ‘सी 3000’ मधला सी सांगतो की अंग 2500 चं, पोट 3000 चं. एका अक्षरात एवढा ऐवज!

पण माझा जीव रमतो तो काठावरच्या बारीक ओळीत: ‘पीई 1-200’. एक नंबरची विणलेली दोरी, 200 मीटर मावेल. जपानी ठरावानुसार हा एक नंबर म्हणजे 200 डेनियर, आणि डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हिशेब करून पाहा: 200 मीटर दोरी भरते जेमतेम साडेचार ग्रॅम. तिच्या टोकाला किलोभराचा मासा हिसके देतो. शेजारीच नायलॉनच्या तंगुसाचं माप असतं, ते पौंडांत, म्हणजे ताकदीत. एकाच पोकळीची दोन मापं, एक धाग्याच्या वजनाचं, एक त्याच्या ताकदीचं. दिमाखदार 3000 पेक्षा ही ओळ कितीतरी प्रामाणिक.

डेनियर हे मूळचं रेशमाचं माप. छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला ते परकं नाही; पैठणीचं रेशीम डेनियरवरच मोजतात. त्याच गावाला लागून 1976 पासून जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय पसरला आहे. अशा पाण्यातल्या मासेमारीच्या जाळ्यांचं नायलॉन सूत बाजारात मिळतं तेही 210 डेनियरचे पदर पिळून केलेलं. रिळाच्या जाहिरातींत मात्र 3000 तेवढा मोठ्या टायपात छापतात आणि काठावरची ओळ खुशाल गाळतात.