‘शूटर’ : एका साक्षीचे दोन शेवट
स्टीफन हंटर यांच्या ‘पॉइंट ऑफ इम्पॅक्ट’ (१९९३) या कादंबरीवरून अँटवान फुक्वा यांनी २००७ साली ‘शूटर’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. हत्येचा आळ आलेला निवृत्त नेमबाज सैनिक बॉब ली स्वॅगर दोन्हींत परागंदा होतो. दोन्हींत त्याची रायफल गोळी झाडूच शकत नव्हती, हे अखेर उघड होते. कादंबरीत या मूक साक्षीनेच न्यायालयात कथेची गाठ सुटते. चित्रपटात मात्र महान्यायवादी ती साक्ष मान्य करतात, आणि तरीही खऱ्या अपराध्यांपुढे कायदा हतबल असल्याची कबुली देतात. मग स्वॅगर सिनेटर मीचमला स्वतःच ठार मारतो. सूडाचा हा प्रसंग प्रेक्षकाला सुखावतो खरा. परंतु इतक्या कौशल्याने राखून ठेवलेला पुरावा त्याने निरर्थक ठरविला आहे. आमच्या मते येथे कादंबरीच सरस आहे.