रॅस माशांची एकच ओळ

आंजर्ल्याच्या एका शिक्षिकेने मोठ्या हौसेने एक रंगीत तक्ता आणून दाखवला. खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोणता मासा कोणाबरोबर नांदेल, हे त्यात चौकोनांनी सांगितले आहे. हिरवा म्हणजे जमेल, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नको. शाळेत अशी टाकी करावी आणि शेजारी तक्ता लावावा, असा बाईंचा बेत. छपाई सुरेख आहे. तरी वर्गात लावण्याआधी तो तपासायला हवा.

तक्त्यात ‘रॅस’ ही एकच ओळ आहे. रॅस म्हणजे लॅब्रिडी कुळातले मासे. या कुळात ५०० हून अधिक जाती आहेत. त्यांतला परी रॅस पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपून खातो आणि सहसा कोणाच्या वाटेला जात नाही. घाबरला तर मात्र टाकीबाहेर उडी मारतो. सहा पट्ट्यांचा रॅस बोटाएवढाच, पण नंतर आलेल्या लहान माशांना पिटाळून लावतो. चंद्र रॅस वीतभर वाढतो आणि कोळंबी, खेकडे फस्त करतो. या तिघांना मिळून एकच पिवळा चौकोन! आधी कोणाला सोडले, टाकी केवढी, झोपायला वाळू आहे का, यांतले काहीच त्यात मावत नाही.

सफाई रॅसच्या बाबतीत तक्ता सर्वांत फसवा आहे. तिथे जवळजवळ सगळे हिरवे. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, म्हणून सगळे त्याला जवळ येऊ देतात, हे खरे. पण ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळ अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजले (१९९६), तेव्हा असा एक मासा दिवसात २,००० हून अधिक वेळा माशांची तपासणी करतो आणि सुमारे १,२०० परजीवी खातो, असे आढळले. घरच्या टाकीत पाचसहा मासे. भांडण कोणाशीच नाही, आणि पुष्कळदा हा बिचारा उपाशी मरतो. ‘जमते’ म्हणजे नुसते ‘भांडत नाहीत’ एवढेच का, हा प्रश्न तक्ता करणाऱ्याला पडलेलाच दिसत नाही.

शिवाय हा मासा कायम तोच राहत नाही. एक नर आणि काही माद्या असा त्यांचा गट असतो. नर मेला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोनअडीच आठवड्यांत खरोखर नर होते. डी. आर. रॉबर्टसन यांनी ग्रेट बॅरियर रीफवरची ही निरीक्षणे १९७२ साली प्रसिद्ध केली. मग चौकोन कोणत्या माशाचा धरायचा?

खरे तर आंजर्ल्याच्या मुलांना अशा तक्त्याची गरज कमीच. हर्णैच्या लिलावात त्यांनी पापलेटचे इवलेसे तोंड आणि बोंबलाचा दातेरी जबडा पाहिलेला असतो. तोंडावरून खाणे ओळखणे त्यांना नवे नाही. ‘रॅस’ची ओळ झाकून तोंड, आकार, अन्न, झोपायची जागा असे रकाने मुलांकडून आखून घ्यावेत, असे मी बाईंना सुचवले. टाकीसाठी जिवंत प्रवाळ मात्र आणू नयेत. कठीण प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आले आहेत.

बाईंनी तक्ता परत नेला. टाकीचे अजून ठरलेले नाही; पावसाळ्यात वीज गेल्यावर पंप कशावर चालवायचा, हेच आधी पाहायचे आहे.