पोथी ती पोथीच

ह्या अंकासाठी बारामती-इंदापूरकडनं आलेल्या कविता मी रात्रपाळीहून आल्यावर वाचल्या. कवितेमागून कविता तीच. गटार, गुत्ता, वेश्यावस्ती, धडधडत जाणारी लोकल. अरे बाबांनो, आपल्याकडं लोकल कुठंय? दौंडची गाडी येते, ती इथंच येऊन थांबते.

हे सगळं 'गोलपिठा'तनं आलंय. नामदेव ढसाळ आपल्याच जिल्ह्यातला. १९४९ साली खेड तालुक्यात, पूरला जन्म. पोरवयात मुंबई. बाप खाटकाकडं कामाला. पुढं हा टॅक्सी चालवत होता. १९७२ साली तेंडुलकरांची प्रस्तावना घेऊन 'गोलपिठा' आला आणि पांढरपेशा वाचक शब्दाशब्दाला ठेचकाळला. ते शब्द कोशातले नव्हतेच. गल्लीनं ते ढसाळच्या कानात ओतले होते, आणि त्यानं ते न धुता-पुसता कागदावर मांडले.

बारामतीलाही एक कवी बाहेरून आला होता. मोरोपंत. १७२९ साली पन्हाळ्याला जन्म, पुढं बारामतीकर नाइकांचा आश्रय, १७९४ ला मरणही इथंच. 'केकावली' ह्या नावातच आवाज आहे: केका म्हंजे मोराचा टाहो. तो टाहो मला खोटा वाटत नाही. वृत्तावरची हुकमत तर मानावीच लागते. पण एवढ्या ढिगात वाड्याबाहेरची बारामती कुठंय? महारवाड्यातली हलगी, शिवी, रडणं पंतांच्या आर्येत मला सापडलं नाही. (शिरलं असतं तर आर्या बाटली असती.) पंतांचे कान पोथीला लागलेले.

आणि आपली पोरं? त्यांनी 'गोलपिठा'ची पोथी केलीय.

मी इंदापूर तालुक्यातनं सूतगिरणीत आलो तेव्हा सहा महिने ओळ सुचली नाही. साच्यांचा आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे, बोटांनी खुणा करायच्या. तोंड हलतंय, शब्द पोचत नाही. सुट्टी झाली तरी माणसं घरात वरडूनच बोलतात, बायकोला वाटतं भांडतोय. ह्या बोलण्याची कविता मराठीत कुणी लिहिलीय?

नीरा डावा कालवा १८८५ पासून ह्या मुलखात वाहतोय. त्या पाण्यावर ऊस वाढला, उसावर भवानीनगर, माळेगावचे कारखाने. हंगामात बीड-नगरकडची माणसं कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. माणूस मोजायचा तोही हत्याराच्या नावानं! पहाटे थळात कोयत्याच्या घावाबरोबर बाईच्या छातीतनं जो हुंकार निघतो, तो कामाठीपुऱ्यातनं उसना आणावा लागत नाही.

इंदापूरच्या एका पोराची चार ओळींची कविता आलीय. काट्यावर गाडी थांबली की बैलांचे घुंगरू एकदम गप्प होतात, एवढंच तिच्यात आहे. शेवट ढिसाळ, एक शब्द चक्क चुकलाय. स्टेन्सिलवर पहिली तीच कापलीय.