लॅटिन वचनें आणि त्यांचे इंग्रजी अर्थ

इंग्रजी शिकलेल्या आमच्या घरांतून एखादा जाडजूड इंग्रजी कोश बहुधा असतोच, आणि पुष्कळ कोशांच्या शेवटीं परकीय वचनांची एक यादीही असते. डावीकडे लॅटिन वचन, उजवीकडे एका ओळींत त्याचा इंग्रजी अर्थ. ही यादी निरुपयोगी आहे असें कोण म्हणेल? ग्रंथ वाचतांना मध्येंच आडवें आलेलें वचन तिच्या साह्यानें ओलांडतां येतें व वाचन पुढें चालूं लागतें. परंतु एवढ्यावरून तें वचन आपणांस कळलें असें समजणें ही मोठीच फसगत होय. या याद्यांचा खरा दोष हा कीं, त्या शब्दांचा अर्थ देतात आणि प्रसंग गाळतात. आणि वचनाचा प्राण तर बहुधा प्रसंगांतच असतो.

‘कुइ बोनो’ हें वचन घ्या. ‘याचा उपयोग काय?’ असा त्याचा अर्थ इंग्रजींत पुष्कळ काळ रूढ होता. वस्तुतः हा प्रश्न न्यायमंदिरांतला आहे. ख्रिस्तपूर्व ८० सालीं, पितृवधाचा आरोप आलेल्या सेक्स्टस रॉस्किअसचा बचाव करतांना, सिसेरोनें ल्यूशिअस कॅसिअस या नामांकित न्यायाधीशाचा दाखला दिला. अपराधापासून लाभ कोणाचा झाला, असें कॅसिअस नेहमीं विचारीत असे. मेलेल्या बापाची मालमत्ता तर हुकूमशहा सुल्ला याच्या मर्जींतल्या क्रिसोगोनसाच्या घशांत गेली होती! अशा वेळीं हा प्रश्न उच्चारावयास छाती लागते. यादींतला अर्थ वाचून मात्र वाटतें कीं, कोणी कंटाळलेला मनुष्य सुस्कारा टाकीत आहे.

‘मेन्स साना इन कॉर्पोरे सानो’ याचा ‘निरोगी शरीरांत निरोगी मन’ हा अर्थ शब्दशः बरोबर आहे. पण तो व्यायामशाळेच्या भिंतीवर चढला कीं त्याचा नियम होऊन बसतो: शरीर धडधाकट, तर मनही धडधाकट. ज्युव्हेनलच्या दहाव्या उपहासकाव्यांत हे शब्द मागणें म्हणून आले आहेत. सत्ता, वक्तृत्व, दीर्घायुष्य, सौंदर्य यांसाठीं माणसें देवाला साकडें घालतात आणि मिळालेल्या वरानेंच बुडतात, हें दाखवून झाल्यावर, मागावयाचेंच तर एवढें मागा, असें तो कवि सांगतो. मागणें आणि नियम यांतील अंतर लहान नाहीं. अंथरुणाला खिळलेल्या मनुष्याला नियम हिणवितो. मागणें त्यालाही करतां येतें.

‘कार्पे दीएम’ या वचनाचीही तीच गत. त्याच्या रूढ इंग्रजी अर्थांत दिवसावर झडप घालण्याचा आवेश आहे. होरेसच्या क्रियापदांत फळ किंवा फूल खुडण्याची हळुवार क्रिया आहे. ‘खुडणें’ हा नेमका शब्द मराठीच्या पदरीं असतां आम्ही इंग्रजीच्या मागोमाग जाऊन झडप कां घालावी?

येथवर झाली ती रसाची हानि. पण एका वचनांत माणसाचें स्वातंत्र्यच गुंतलेलें आहे. ‘हेबिअस कॉर्पस’ म्हणजे ‘तुझ्याजवळ देह असावा’, असें यादी सांगते. नवख्या वाचकास तें प्रेताविषयीं वाटलें तर त्याचा काय अपराध? खरें पाहतां ही न्यायालयानें बंदी करणाऱ्यास केलेली आज्ञा आहे: कैद्याला समोर आण, आणि त्याला कोणत्या आधारावर अडकविलें तें सांग. भारताच्या संविधानाच्या ३२ व २२६ या अनुच्छेदांत हें लॅटिन नांव आलें आहे. आणीबाणींत, २८ एप्रिल १९७६ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींपैकीं चौघांनीं निर्णय दिला कीं, स्थानबद्धाला आपल्या स्थानबद्धतेविरुद्ध या आज्ञेसाठीं न्यायालयाकडे येतां येणार नाहीं. एकट्या न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांनीं विरुद्ध मत नोंदविलें. तो निर्णय पुढें २०१७ सालीं त्याच न्यायालयानें रद्द ठरविला. कोशांतला अर्थ मात्र १९७६ सालींही जागच्या जागीं होता. शब्दार्थ शाबूत राहून वचन कसें निष्प्राण होतें, याचें यापेक्षां बोलकें उदाहरण शोधावयास नको.

मग कोशकारानें करावें तरी काय? उत्तर आपल्या पुण्यांतच सांपडतें. वामन शिवराम आपटे यांनीं १८९० सालच्या आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशांत ‘न्याय’ या शब्दाखालीं अनेक लौकिक न्याय दिले आहेत. काकतालीय न्यायाचें नुसतें भाषांतर करून ते थांबत नाहींत. कावळा बसावा आणि त्याच क्षणीं ताडाचें फळ पडावें हा प्रसंग ते सांगतात, आणि अकल्पित योगायोगास हा न्याय लावतात हेंही दाखवितात. जागा थोडी अधिक लागते. पण वाचकाच्या हातीं वापरण्याजोगी वस्तु येते.

लॅटिन वचनांची अशी यादी कोणी मराठींत सिद्ध करील, तर ती इंग्रजी याद्यांची नक्कल होऊं नये, एवढीच आमची अपेक्षा. वचन कोण, कोणाला, कोणत्या संकटांत बोलला, हें आधीं यावें. अर्थ मागून यावा. आणि तोंवर, कोशाचें शेवटचें पान उघडणाऱ्या वाचकानें, उजवीकडची ओळ वाचून झाल्यावर पुस्तक लगेच मिटूं नये.