फेलूदा, तोपशे आणि फटिक

अनेक कलांत गती असलेल्या माणसाने मुलांसाठी काही लिहिले, की आपले समीक्षक ते त्याच्या खात्यावर किरकोळ जमा म्हणून मांडतात. सत्यजित राय (१९२१–१९९२) यांच्या वाट्याला हेच आले आहे. चित्रपट हे कर्तृत्व, आणि फेलूदा हा फावल्या वेळचा छंद! वास्तविक ‘पथेर पांचाली’चा चित्रपट १९५५ सालचा असला, तरी तो काढण्याचा विचार त्यांच्या मनात रुजला तो त्या कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढताना. मुलांचे पुस्तक आधी, चित्रपट मागाहून.

आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली काढलेले ‘संदेश’ हे मुलांचे मासिक बंद पडले होते. राय यांनी १९६१ साली कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साह्याने ते पुन्हा सुरू केले. मासिक म्हटले की त्याचे पोट भरावे लागते. त्या निकडीतून त्याच वर्षी प्रोफेसर शंकू अवतरला, आणि १९६५ मध्ये फेलूदा. गिरिडीहच्या शंकूची मला फारशी ओढ वाटत नाही. त्याचे शोध गमतीचे आहेत, न्यूटन नावाचे मांजर तर लोभसच आहे. पण रोजनिशी लिहिणारा स्वतःच सर्वज्ञ, तेव्हा वाचणाऱ्या मुलाने आत शिरावे कोठून?

फेलूदाच्या कथांत ते दार तोपशेच्या रूपाने उघडे आहे. तोपशे हा फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ आणि या कथांचा निवेदक. होम्सचा वॉटसन हा शिकलासवरला डॉक्टर. त्याला उमगले नाही की आपण त्याला हसतो. तोपशेला उमगत नाही ते वयामुळे. त्याच्याबरोबर वाचणारा मुलगाही अडखळतो, पण त्यात त्याचा अपमान होत नाही. पुढे ‘सोनार केल्ला’ (१९७१) या कादंबरीत ‘जटायू’ या टोपणनावाने रहस्यकादंबऱ्या लिहिणारे लालमोहन गांगुली येऊन मिळतात. उंट पोटात पाणी साठवतो, अशी या गृहस्थांची समजूत. फेलूदा ती दुरुस्त करतो. इतकी वर्षे वर्गात उभा राहिल्यावर मला या युक्तीचे मोल कळते. धडा मुलालाच मिळतो, पण कान धरला जातो तो एका प्रौढाचा, तोही लेखकाचा! आमच्या कुमारकथांत हे क्वचितच घडते. तेथे चुकायचे मुलाने आणि शहाणपण सांगायचे मोठ्यांनी, ही वाटणी ठरलेली. ‘श्यामची आई’मध्ये ती खरी वाटते, कारण साने गुरुजींच्या मागे खरी आई उभी होती. पुढच्यांनी आई वगळली आणि उपदेश तेवढा उचलला.

‘कैलासे केलेंकारी’ (१९७३) वाचताना मात्र मला सरळ मत्सर वाटला. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरील यक्षीचे मस्तक चोरीस जाते आणि माग काढीत ही मंडळी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात उतरून वेरुळास पोहोचतात. दरवर्षी आम्ही मुलांच्या सहली तेथे नेतो. मुले फलकावरून लेणी चौतीस आणि कैलास सोळावे एवढे वहीत उतरवतात, आणि डबे उघडतात. अखंड कातळ वरून खाली खोदत आणलेले ते मंदिर चोराच्या पाठलागासाठी किती सोयीचे आहे, हे कलकत्त्याच्या माणसाला दिसावे आणि शेजारी राहणाऱ्या आम्हा मराठी कादंबरीकारांना दिसू नये! शिवाय मूर्तिचोरी हा गुन्हा मुलांना समजेल असा आणि खराच घडणारा. मोडलेल्या मूर्तीबद्दल फेलूदाला येणारा संताप हाच तेथला इतिहासाचा तास आहे.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती लहान नाही. या सबंध मालिकेत मुली जवळजवळ नाहीतच. गुन्ह्यांतून प्रौढांचे विषय वगळायचे म्हणून स्त्रिया वगळल्या, असे समर्थन कोणी करील. पण तोपशेच्या वयाची एखादी चौकस बहीण असती, तर कोणता विषय बिघडला असता? माझ्या वर्गात फेलूदाचे मराठी अनुवाद मुलीच अधिक नेतात. त्या तोपशेच्या जागी स्वतःला बसवून घेतात खऱ्या, पण ती सोय त्यांची त्यांनीच केलेली; लेखकाने केलेली नव्हे.

फेलूदाहून मी ‘फटिकचाँद’ ही छोटी कादंबरी वर ठेवीन. पळवून नेलेल्या श्रीमंत घरच्या मुलाची अपघातात स्मृती जाते. फटिक हे खोटे नाव घेऊन तो हारून नावाच्या रस्त्यावरच्या खेळवाल्याजवळ राहतो आणि चहाच्या दुकानात कामाला लागतो. हेरगिरी नाही, कोडे नाही. चेंडू झेलणारे हात तेवढे आहेत. मुलगा घरी पोहोचतो, पण त्याच्या शोधासाठी जाहीर केलेले बक्षीस बॅरिस्टर बाप हारूनला देत नाही. फेलूदाच्या जगात गुन्हेगार शेवटी सापडतो. येथला अपराध कोणत्याही कायद्यात बसत नाही; तो ओळखायला हेर लागत नाही, आणि तो करणारा आपला बाप आहे हे मुलाला कळते. हारून मद्रासच्या गाडीने सर्कशीत निघतो. मुलगा त्याला भेटायला स्थानकावर जातो, आणि राय या जागी बापाच्या तोंडी पश्चात्तापाचे एक वाक्यही घालीत नाहीत.