उंदरावरील साल्मोनेला-प्रयोग : काही आक्षेप

उंदरास साल्मोनेला टायफीम्युरियमची बाधा करावी, जंतूची प्रतिजैविक-संवेदनशीलता चकत्यांच्या पद्धतीने पाहावी, रक्तातील प्रतिपिंड मोजावेत आणि त्यावरून मानवी विषमज्वराविषयी निष्कर्ष काढावा, हा प्रबंधाचा आराखडा सोयीचा खरा. परंतु त्याच्या प्रत्येक पायरीवर घेतली जाणारी झेप तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप प्राण्याविषयी. मानवी विषमज्वराचा जंतू साल्मोनेला टायफी सामान्य उंदरास रोग देत नाही. म्हणून १८९२ साली लोफ्लर यांनी वर्णिलेला टायफीम्युरियम त्याच्या जागी योजला जातो. त्यातही बीएएलबी/सी व सी५७बीएल/६ या वाणांचे उंदीर अल्प मात्रेने दगावतात, तर १२९ वाणाचे तगतात. हा भेद बव्हंशी एनरॅम्प१ या एका जनुकावर अवलंबून असतो. सबब, ज्या प्रबंधात वाण नमूद नाही, त्यातील मृत्युसंख्येस फारसा अर्थ उरत नाही.

दुसरा आक्षेप औषधाविषयी. जेन्टामायसिन काचपात्रात साल्मोनेलाचा नाश करते. परंतु शरीरात हा जंतू भक्षक पेशींच्या आत दडतो व तेथे हे औषध पुरेसे पोहोचत नाही. शिवाय औषध यजमानासही बदलते. बोनहॉफ, ड्रेक व मिलर यांनी १९५४ साली दाखविले की, तोंडावाटे स्ट्रेप्टोमायसिन दिल्यावर साल्मोनेलाची बाधक मात्रा सुमारे १,००,००० जंतूंवरून १० हूनही खाली येते. कारण आतड्यातील संरक्षक जंतुसमूह नष्ट होतो.

तिसरा आक्षेप प्रतिकारशक्तीविषयी. मॅकॅनेस, ब्लँडन व कॉलिन्स यांच्या १९६६ च्या कार्यापासून हे स्पष्ट आहे की, उंदराच्या संरक्षणात उद्दीपित भक्षक पेशींचा वाटा मोठा असतो. केवळ प्रतिपिंडांची मोजणी म्हणजे प्रतिकारशक्तीचे मापन नव्हे. उलट, नवी मुंबईत २०१८ साली मुलांस दिलेली संयुग्मित लस टायफीच्या व्हीआय आवरणाविरुद्धच्या प्रतिपिंडांवर विसंबते, आणि टायफीम्युरियमला ते आवरणच नसते. तेव्हा अशा लसीची कसोटी या उंदरावर लागणे शक्य नाही.

याचा अर्थ प्रयोग सोडावेत असा नव्हे. बुलढाण्याच्या विद्यार्थ्याने खामगाव वा चिखलीच्या रुग्णांपासून मिळालेल्या जंतूंची संवेदनशीलता काटेकोर नोंदविली, तर तेवढेही मोलाचे कार्य होय. मात्र त्याच्या आधारे वैद्य औषध निवडणार असेल, तर काचपात्र, उंदीर आणि माणूस यांची उत्तरे वेगवेगळी मांडणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते. मर्यादित निष्कर्ष हा दुबळा निष्कर्ष नसतो; रुग्णाच्या दृष्टीने तोच अधिक विश्वसनीय असतो.