संशयाची समान वाटणी : ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९) या ब्रिटिश मालिकेच्या नटसंचाचा विचार

प्रस्तावना

नाटक, चित्रपट किंवा दूरचित्रवाणी मालिका यांच्या समीक्षेत नटसंचाचा विचार बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतो. संहितेची चर्चा विस्ताराने होते, दिग्दर्शनाचे गुणदोष सांगितले जातात आणि मग ‘पात्रनिवड अचूक आहे’, ‘सर्वांची साथ चांगली लाभली’ अशा एखाद्या वाक्यात कलावंतांची बोळवण केली जाते. नाट्यसंहिता शिकविताना आपण अध्यापकही विद्यार्थ्यांना नकळत हीच सवय लावतो. या सवयीमागे एक गृहीत असते. अर्थ संहितेत असतो आणि नट तो केवळ पोहोचवितो, हे ते गृहीत होय. रहस्यप्रधान कलाकृतीच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. तेथे कोणती भूमिका कोणत्या नटाकडे दिली, ही बाब कथानकाचाच भाग असते. हा मुद्दा बी.बी.सी.ने १९७९ साली प्रसारित केलेल्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या ७ भागांच्या मालिकेच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. रहस्यकथेत नटसंच कथनाचे कार्य कसे करतो, हे पाहणे.
२. प्रस्तुत मालिकेतील प्रमुख भूमिकांच्या वाटपामागील तत्त्व शोधणे.
३. काळ बदलला की नटसंचाचा अर्थ कसा बदलतो, याचा विचार करणे.

मालिकेची पार्श्वभूमी

जॉन ल कारे यांची मूळ कादंबरी १९७४ साली प्रसिद्ध झाली. आर्थर हॉपक्राफ्ट यांनी तिचे पटकथेत रूपांतर केले व जॉन आयर्विन यांनी दिग्दर्शन केले. ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या, म्हणजे कादंबरीच्या भाषेत ‘सर्कस’च्या, सर्वोच्च वर्तुळात सोव्हिएत संघाचा एक हस्तक वर्षानुवर्षे दडून बसला आहे. त्याला शोधण्याचे काम निवृत्त करण्यात आलेल्या जॉर्ज स्मायलीवर सोपविले जाते. संशयित मुख्यतः चार आहेत : पर्सी ॲलेलाइन, बिल हेडन, रॉय ब्लँड व टोबी एस्टरहेझी.

या कथेमागे ब्रिटनचा ताजा अनुभव होता. गुप्तचर अधिकारी किम फिल्बी १९६३ मध्ये मॉस्कोला पळून गेला होता. मालिकेचे प्रसारण सप्टेंबर-ऑक्टोबर १९७९ मध्ये झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १९७९ मध्ये, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी कलेतिहासकार अँथनी ब्लंट हा सोव्हिएत हेर होता हे संसदेत जाहीर केले. ‘आपल्यातलाच, आपल्यासारखा दिसणारा माणूस’ हाच शत्रू निघतो, ही भीती त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात आधीपासून होती. नटसंचाला तिला चेहरे द्यावयाचे होते.

विवेचन

अ) चार चेहऱ्यांची समान पातळी

मालिकेचा प्रारंभच या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बैठकीच्या खोलीत चौघे एकामागून एक येऊन बसतात. एस्टरहेझी नीटनेटका व सावध, ब्लँड सिगारेट ओढणारा, ॲलेलाइन अधिकाराच्या ऐटीत, आणि शेवटी हेडन, चहाच्या कपावर बशी ठेवून तो सावरत येणारा. बोलले जाते ते केवळ एक वाक्य, कामकाज सुरू करण्याचे. परिचय कोणाचाही करून दिला जात नाही. प्रेक्षकाला संवादाआधी चार देह, चार चाली आणि चार सवयी मिळतात. म्हणजेच पहिला पुरावा संहिता देत नाही, नट देतात.

मायकेल आल्ड्रिज, इयन रिचर्डसन, टेरेन्स रिग्बी व बर्नार्ड हेप्टन हे चौघेही रंगभूमी आणि दूरचित्रवाणी यांवर मुरलेले चरित्रनट होते. त्यांच्यात वलयाच्या दृष्टीने फार मोठे अंतर नव्हते. सर्वसामान्य प्रेक्षकाला जगभर नावाने परिचित असलेला नट या मालिकेत प्रामुख्याने एकच होता, तो म्हणजे स्मायलीच्या भूमिकेतील सर ॲलेक गिनेस. वलय शोध घेणाऱ्याकडे आणि समान वजन संशयितांकडे, असे हे वाटप आहे. रहस्यकथेचा सरावलेला प्रेक्षक ‘एवढा मोठा नट एवढ्याशा भूमिकेत कशाला घेतला असेल?’ असा हिशेब मांडीत असतो. येथे तो हिशेब जमत नाही, कारण संशयाची वाटणी समान झालेली आहे.

समान पातळीचा अर्थ एकसारखेपणा असा मात्र नव्हे. रिग्बी यांचा ब्लँड कामगार वर्गातून वर आलेला असून तो रांगडेपणा लपवीत नाही. हंगेरीहून आलेला एस्टरहेझी हेप्टन यांनी अतिदक्ष, जणू घोटून तयार केलेल्या इंग्रजीत उभा केला आहे. तीन वर्षांनी आलेल्या ‘स्मायलीज पीपल’ (१९८२) या उत्तरमालिकेत हाच नट हेच पात्र अधिक उघड मध्य-युरोपीय उच्चारांत बोलतो. खात्याबाहेर पडलेल्या माणसाला इंग्रजपणाची गरज उरलेली नाही, हे संवादातून न सांगता केवळ उच्चारांतून कळते. हेडन हा उच्चवर्गीय इंग्रज डौलाचा नमुना आहे आणि ही भूमिका एडिंबरोत जन्मलेल्या रिचर्डसन यांच्याकडे आहे. कमावलेल्या उच्चारांचा नट, कमावलेल्या निष्ठेचा देखावा करणारे पात्र साकारतो. विश्वासघात याच पात्राने केलेला असतो. तो उघड झाल्यावरही प्रेक्षकाला त्याच्या मोहकपणाचा तिटकारा वाटत नाही, हे या निवडीचे यश आहे.

आ) ऐकणारा नायक

शरीराने गिनेस हे कादंबरीतील स्मायलीसारखे नव्हते. मूळ पात्र बुटके व लठ्ठ आहे. तरीही ही निवड यशस्वी झाली, कारण ती बाह्य साम्यावर आधारलेली नव्हती. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या चित्रपटात एकाच कुटुंबातील आठ व्यक्ती साकारणारा हा नट स्वतःला पुसून टाकण्यासाठी ख्यातनाम होता. हेराचे आणि नटाचे कौशल्य येथे एकत्र येते. भूमिकेच्या तयारीसाठी ल कारे यांनी त्यांची गाठ गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी घालून दिली होती. मालिकेतील स्मायली फारसे बोलत नाही. इतर बोलतात आणि तो ऐकतो, चष्मा काढून पुसतो, पुन्हा लावतो. प्रत्येक साक्षीदार आपली हकिकत सांगतो तेव्हा कॅमेरा या निश्चल चेहऱ्याकडे वळतो. सात भागांच्या संथ गतीला यातूनच आधार मिळतो.

इ) अबोल प्रतिपक्षी

सोव्हिएत हेरप्रमुख कार्ला याची भूमिका पॅट्रिक स्टुअर्ट यांनी केली. स्मायली आणि कार्ला यांची भेट १९५५ साली दिल्लीच्या तुरुंगात होते. स्मायली बोलत राहतो आणि कार्ला एक शब्दही उच्चारीत नाही. उत्तरमालिकेतही हाच नट पुन्हा अबोलच राहतो. रंगभूमीवर वाणीसाठी नावाजलेल्या नटाला दोन मालिकांत एकही शब्द न देणे, हा धाडसी निर्णय होय. दिल्लीविषयी मात्र नोंद केली पाहिजे की, या कथेत भारत येतो तो कोठडीच्या चार भिंतींपुरताच. इतरांच्या शीतयुद्धातील एक थांबा एवढेच त्याचे स्थान आहे.

ई) परिघावरील स्त्रिया

बेरिल रीड या विनोदी भूमिकांसाठी लोकप्रिय असलेल्या अभिनेत्री. त्यांना खात्याची चालतीबोलती स्मृती असलेल्या कॉनी सॅक्सची भूमिका देण्यात आली. हास्यामागून डोकावणारे एकाकीपण त्यांनी मोजक्या वेळात उभे केले. स्मायलीची पत्नी ॲन हिचे नाव प्रत्येकाच्या तोंडी आहे, पण शान फिलिप्स यांच्या रूपाने ती प्रत्यक्ष दिसते ती अखेरीस. स्त्रीला ज्ञान आहे पण अधिकार नाही, चर्चा आहे पण उपस्थिती नाही, हे त्या संस्थेचे वास्तव नटसंचातून स्पष्ट होते. तथापि, मालिका हे वास्तव दाखविते, त्याला प्रश्न विचारीत नाही. ही तिची मर्यादा मान्य करावी लागते.

उ) काळाचा परिणाम

टोमास आल्फ्रेडसन यांच्या २०११ च्या चित्रपटात स्मायलीची भूमिका गॅरी ओल्डमन यांनी आणि हेडनची भूमिका कॉलिन फर्थ यांनी केली. फर्थ यांना त्याच वर्षी ‘द किंग्ज स्पीच’साठी ऑस्कर मिळाले होते. संशयितांत ते सर्वांत प्रसिद्ध ठरल्याने १९७९ मध्ये न जमणारा प्रेक्षकाचा हिशेब येथे सहज जमतो. याउलट कार्लाचा चेहरा न दाखविण्याचा या चित्रपटाचा निर्णय लक्षणीय आहे. दोन तासांच्या चौकटीत ब्लँडसारख्या पात्राला वावच उरत नाही, हा भागही विसरता येत नाही.

परंतु मूळ मालिकाही काळाच्या तडाख्यातून सुटलेली नाही. ‘हाउस ऑफ कार्ड्स’ (१९९०) मधील कारस्थानी राजकारण्याच्या भूमिकेमुळे रिचर्डसन यांचा चेहराच कपटाशी जोडला गेला. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७) नंतर स्टुअर्ट यांचे अनोळखीपणही संपले. आज ही मालिका प्रथमच पाहणारा प्रेक्षक १९७९ च्या प्रेक्षकाइतका अजाण असू शकत नाही. संहितेतील एक अक्षरही न बदलता तिचे रहस्य अंशतः बदलले आहे.

निष्कर्ष

१. रहस्यप्रधान कलाकृतीत नटाची प्रसिद्धी किंवा अप्रसिद्धी हीच माहिती असते आणि ती संशयाची दिशा ठरविते.
२. प्रस्तुत मालिकेचे यश समान वजनाच्या चरित्रनटांत आहे. उच्चार, वर्ग व देहबोली यांतील भेदांनी त्यांना वेगळेपण दिले.
३. नटसंचाचा अर्थ स्थिर नसतो. नटाच्या पुढील भूमिका मागील भूमिकांचे वाचन बदलतात.

सारांश, नटसंच ही संहितेची पहिली समीक्षा असते, कारण दिग्दर्शकाने संहिता कशी वाचली याचा आद्य पुरावा तेथेच मिळतो. नाटक शिकविताना ‘ही भूमिका कोणी करावी आणि का?’ हा प्रश्न वर्गात आरंभीच विचारला गेला, तर विद्यार्थी संहितेकडे अधिक बारकाईने पाहतील. केवळ एका वाक्यात उरकण्याएवढी ही बाब किरकोळ नाही.